केमोत पांढऱ्या पेशी उतरल्या, आईला काय खायला घालू?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय. आई ५८ वर्षांच्या, स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी एक. दोन झाल्या. तिसरीच्या आधीच्या तपासणीत पांढऱ्या पेशी २,३०० आल्या, म्हणून डॉक्टरांनी केमो आठवडाभर पुढे ढकलली आणि इंजेक्शनं लिहून दिली. वजन ५६ वरून ५२ किलोवर आलंय. तेव्हापासून घरात रोज कुणी ना कुणी काहीतरी आणून देतं: पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, गुळवेल, किवी, ड्रॅगनफ्रूट. त्यात श्रावण, म्हणून आईंनी मासळी आणि अंडी दोन्ही सोडलीत. ताई विचारतात, पेशी वाढायला नेमकं काय द्यायचं, आणि माझ्या स्वयंपाकात काही कमी पडलं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही ताई, तुमच्या स्वयंपाकात काही कमी पडलेलं नाही. मी ठाण्यात नौपाड्यात २४ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. खारघरला किंवा परळला उपचार घेणारे कितीतरी रुग्ण माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या लेकी-सुना हाच प्रश्न खालच्या आवाजात विचारतात. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या आतल्या अस्तराच्या आणि हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, तयार होणाऱ्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि रक्तातल्या पेशींचा आकडा, म्हणजे काउंट, उतरतो. तुम्ही रोज बदामाचा शिरा केला असता तरी तो उतरलाच असता.

आता रिपोर्ट नीट वाचू. निरोगी माणसाच्या दर मायक्रोलिटर, म्हणजे अगदी टिपूसभर, रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. पण केमोच्या रुग्णात मी टोटल काउंटवर थांबत नाही, खालची न्यूट्रोफिलची ओळ बघते. जंतूंवर पहिली धाड घालणाऱ्या पेशी त्या. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ३८ टक्के आहेत. २,३०० चे ३८ टक्के म्हणजे ८७४. हा आकडा १,५०० च्या खाली गेला की कमी समजतात, ५०० च्या खाली गेला की धोका खूप वाढतो. आईंचा आकडा मधल्या पट्ट्यात आहे. घाबरून जाण्यासारखं नाही, पण हलक्यातही घेऊ नका.

घरात डिजिटल थर्मामीटर नसेल तर खाण्यापिण्याच्या सामानाआधी तो आणा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ती तातडीची वेळ समजायची. आधी तापाची गोळी देऊन "सकाळपर्यंत बघू" असं करायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाच्या तातडीच्या नंबरवर फोन करून निघायचं. तो नंबर आजच फ्रिजच्या दारावर चिकटवा. एवढ्या कमी पेशींवर साधा वाटणारा संसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि तिथे कोणतंही अन्न कामाला येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. चार दिवसांत काउंट वर आणेल असं कोणतंही फळ, रस किंवा चूर्ण नाही. हे ऐकून निराश होऊ नका, आधी मगजाचं काम कसं चालतं ते बघा. निरोगी मगज रोज साधारण १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करतो, कारण त्या रक्तात आल्यावर एक दिवसही धड टिकत नाहीत. हे काम काही दिवस थंडावलं की तुटवडा लगेच दिसतो. बहुतेक केमोंमध्ये काउंट सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातो, मग आपला आपण वर यायला लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचा सावरतो. तुमच्या आईंना दिलेलं इंजेक्शन मगजाला थेट हुकूम देतं की पेशी बनव. त्यामुळे काहींची कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. आईंचं तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण त्यामुळे घाबरू नका.

आता गंमत बघा कशी होते. शेजारच्या काकू बाराव्या दिवशी पपईच्या पानांचा रस आणून देतात. सोळाव्या दिवशी काउंट ६,००० येतो. काकूंना मनापासून वाटतं की रसाने गुण आला, आणि त्या पुढच्या दहा घरी तो सांगतात. त्यांच्या हेतूत खोट नाही. पण त्या दिवशी काउंट वर येणारच होता, रस घेतला असता तरी आणि नसता घेतला तरी.

मग अन्नाचं काम काय? मगजाला पेशी घडवायला कच्चा माल लागतो: प्रथिनं, बी-१२, फॉलेट, तांबं, जस्त, लोह. हा माल कमी पडला तर सावरणं रेंगाळतं, वजन उतरतं, अंगात केमो सोसायचं बळ राहत नाही आणि पुढच्या तारखाही सरकतात. आईंचं चार किलो वजन गेलंय, त्याची मला त्या २,३०० पेक्षा जास्त काळजी वाटते, कारण तिथे तुमच्या हाताने फरक पडू शकतो.

प्रथिनांपासून सुरुवात करा. केमो चालू असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं धरतात. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब बदलतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.) ५२ किलोला म्हणजे ५२ ते ७८ ग्रॅम. आपल्याकडच्या घरगुती जेवणात बायकांच्या पोटात बऱ्याचदा याहून कमी जातं, कारण वरण पातळ, तेही शेवटी उरलेलं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, चाळीस ग्रॅम कच्च्या डाळीच्या घट्ट वरणात ९, आणि मासळीच्या १०० ग्रॅमच्या तुकडीत १८ ते २०. हे समोर ठेवून दिवस आखा. सकाळी दुधातली नाचणीची खीर, त्यात शेंगदाण्याचं भाजलेलं कूट. दुपारी घट्ट वरण आणि मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. मेतकूट विसरू नका, डाळी भाजून केलेलं ते पीठ आजारी माणसाच्या ताटासाठीच आपल्या आज्यांनी राखून ठेवलेलं आहे. चार वाजता पनीर कुस्करून जिरं-मीठ लावून. रात्री पिठलं आणि भाकरीचा पापुद्रा, किंवा मुगाचं धिरडं.

उपासाच्या दिवशी मात्र मी हट्टाने बोलते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. आईंचा सोमवार मोडायचा नसेल तर राजगिऱ्याची लापशी दुधात करा, शेंगदाण्याची आमटी घट्ट करा, पनीर द्या. उपास राहील आणि प्रथिनंही जातील. निर्जळी उपास मात्र केमो संपेपर्यंत नाही म्हणजे नाही.

बी-१२ आणि फॉलेट ही पेशींची विभागणी होताना लागणारी जोडी. फॉलेट पालक, मेथी, चवळी, हरभरा, शेंगदाणे यांत भरपूर आहे. पालेभाजी उकळून पाणी ओतून देऊ नका, फॉलेट त्या पाण्याबरोबर जातं. बी-१२ मात्र कोणत्याही भाजीत नाही. दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांतूनच ते मिळतं, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं मी जवळजवळ रोज बघते. आईंची बी-१२ ची तपासणी झाली नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे विषय काढा. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. केमोच्या काही औषधांचा त्रास त्या गोळ्यांनी वाढतो. भाजीतलं फॉलेट ताटात येऊ द्या.

जस्ताबद्दल थोडं थांबून सांगते, कारण कोविडच्या काळापासून घराघरांत झिंकच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या शिरल्या आहेत आणि अनेकांनी त्या अजून बंद केलेल्या नाहीत. जस्त जास्त दिवस जास्त मात्रेत घेतलं की आतड्यातून तांबं शोषलं जात नाही, आणि शरीरातलं तांबं कमी झालं की न्यूट्रोफिल उतरतात. म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी घेतलेल्या गोळीनेच पेशी कमी होतात. आईंच्या औषधांच्या डब्यात अशी गोळी असेल तर डॉक्टरांना दाखवा. तीळ, काजू, शेंगदाणे, डाळी यांतून जस्त आणि तांबं दोन्ही बेताने मिळतात. तिळाची चटणी रोज चमचाभर चालेल, तोंड आलेलं नसेल तर.

आता लोकांनी आणून दिलेल्या वस्तू. पपईच्या पानांवर जे प्रयोग झालेत ते बहुतेक डेंगीतल्या प्लेटलेट्सवर. प्लेटलेट्स वेगळ्या, पांढऱ्या पेशी वेगळ्या. वर तो रस कच्चा, झाडावरून तोडलेल्या पानांचा, कडू, आणि आधीच मळमळणाऱ्या पोटात जायचा. देऊ नका. पिकलेली पपई मात्र घरी धुऊन, सोलून जरूर द्या. गव्हांकुरांवर इस्रायलमध्ये २००७ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ६० रुग्णांचा एक छोटा अभ्यास झाला होता आणि त्यात रक्तपेशींना थोडा फायदा दिसला. पण एवढ्याशा अभ्यासावर मी कुणाला भरवसा देणार नाही. घरच्या ट्रेमध्ये ओलसर मातीत वाढवलेल्या गव्हांकुरांवर बुरशी धरते आणि रस कच्चाच प्यायचा असतो, तेव्हा ८७४ न्यूट्रोफिल असलेल्या बाईंना मी तो देणार नाही. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. केमोची बरीच औषधं यकृतातूनच बाहेर पडतात, तेव्हा उपचार चालू असताना यकृतावर आणखी ओझं टाकायचं नाही एवढं मला पुरेसं आहे. किवी आणि ड्रॅगनफ्रूट अपायकारक नाहीत, महाग आहेत. काउंट वाढवायचा गुण दोन्हींत नाही. सी जीवनसत्त्वच हवं असेल तर जांभळी नाक्यावरच्या पेरूत ते किवीच्या दुपटीहून जास्त आहे. त्या पैशांत आठवडाभराचं पनीर येईल.

माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. सुरुवातीच्या काळात मीही काउंट उतरला की छापील यादी द्यायची: फळं बंद, कोशिंबीर बंद, दही बंद, बाहेरचं सगळं बंद. कोपरीच्या एक शिक्षिका होत्या. सहा आठवड्यांनी परत आल्या तेव्हा पाच किलो उतरल्या होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे सगळं बंद केलं होतं आणि खायला काही उरलंच नव्हतं. पुढे अभ्यासांतूनही दिसलं की कच्चं सरसकट बंद करून संसर्ग कमी होत नाहीत. तेव्हापासून मी याद्या देणं सोडलं आणि हात, पाणी, सुरी, ओटा यांवर बोलायला लागले.

तर ओट्यावर या. स्वयंपाक करणारीने आणि वाढणारीने साबणाने हात धुवायचे, आईंनीही जेवणाआधी. पाणी उकळून गार केलेलं, कारण पावसाळ्यात सोसायटीच्या टाकीत काय उतरतं ते आपल्याला दिसत नाही. बर्फ नको. फळं जाड सालीची, घरी धुऊन मग सोललेली: केळं, मोसंबी, संत्रं, डाळिंब, पपई. पपनस मात्र औषधांशी अडू शकतं, विचारल्याशिवाय नको. बाहेर कापून ठेवलेलं फळ, उसाचा रस, गोळा, पाणीपुरी हे केमो संपेपर्यंत लांबच. वडापाव खावासा वाटला तर कढईतून समोर काढलेला वडा एक वेळ चालेल, हिरवी चटणी नको. वडा उकळत्या तेलातून येतो, चटणी कच्च्या कोथिंबिरीची आणि कुठल्या तरी पाण्यातली असते.

मोड आलेल्या कडधान्यांबद्दल जरा खुलासा हवा, कारण "पौष्टिक" म्हणून कच्चे मूग वाटीभर खायला देणारी घरं खूप आहेत. मोड यायला ऊब आणि ओल लागते, जंतूंनाही तेच लागतं. म्हणून कच्चे मोड अजिबात नाहीत. कुकरमध्ये शिट्टी काढून केलेली मुगाची किंवा मटकीची उसळ मात्र उत्तम. फॉलेट थोडं जाईल, जाऊ दे.

भात ताजा. भात शिजवला तरी काही जंतूंची बीजं तग धरतात आणि ओट्यावर राहिलेल्या भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे सकाळचा फोडणीचा भात घरातल्या इतरांनी खावा, आईंना नको. दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेलं काहीच त्यांच्या ताटात नको. दही घरी उकळलेल्या दुधाचं, त्याच दिवशीचं चालेल. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले तर तेवढे दिवस थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. कढी तेव्हाही चालते.

हे सगळं केलं तरी आई म्हणतील, तोंडाला चवच नाही. केमोनंतरचे चार-पाच दिवस ताटभर जेवण समोर ठेवूच नका, बघूनच पोट भरतं. दर दोन तासांनी वाटीभर द्या. गरम जेवणाचा वास मळमळ वाढवतो, तेव्हा थोडं निवलेलं वाढा आणि फोडणी देताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. तोंडात धातूसारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी द्या. तोंड आलं असेल तर तिखट, लिंबू, आमसूल बंद, आणि वरणभात मिक्सरमधून काढून पातळसर द्या.

केमो नसताना ज्यांचा काउंट कमी येतो त्यांच्यासाठी दोन ओळी. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत डेंगी असतोच, त्यात पांढऱ्या पेशी उतरतात आणि ताप गेल्यावर आपोआप सावरतात. टायफॉइडमध्येही तसंच होतं. बी-१२ फार कमी झालं तर हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशीही खाली येतात, पायांना मुंग्या येतात, आणि तिथे आहारापेक्षा इंजेक्शन लवकर काम करतं. थायरॉइड जास्त असल्यासाठी कार्बिमॅझोलची गोळी चालू असेल आणि घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. दारू हाडांच्या मगजाला दाबते. काहींचा काउंट मुळातच जन्मभर ३,५०० च्या आसपास असतो आणि ते ठणठणीत असतात. कारण शोधायचं काम डॉक्टरांचं, ते सापडेपर्यंत रसांवर पैसे घालू नका.

शेवटी आईंचा श्रावण. त्यांच्याशी यावरून भांडू नका. पन्नास वर्षं पाळलेली गोष्ट आजारपणात माणूस जास्तच घट्ट धरतो, आणि केमोने त्यांच्या हातातून आधीच बरंच काढून घेतलंय. वर सांगितलेलं शाकाहारी ताट नेमाने गेलं तर महिनाभर निभेल. फक्त त्यांनाच विचारा, नारळीपौर्णिमेनंतर चालेल का? तुमच्या माहेरी नारळ वाहिल्यावर मासळी सुरू करतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्या स्वतःच हो म्हणतील. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठलेली असते, तोवर ताजी मासळीही बाजारात येऊ लागते. बेलापूरच्या दिवाळे गावातल्या बाजारातून घ्या किंवा तुमच्या ओळखीच्या कोळणीकडून, पण डोळे पाणीदार आणि कल्ले लाल असलेलीच. बोंबील सकाळचाच हवा. तिसऱ्या आणि कालवं ही शिंपल्यांतली मासळी मात्र उपचार संपेपर्यंत नको. बी-१२ त्यांत ठासून भरलेलं असतं हे खरं, पण शिंपल्यांतले जीव खाडीचं पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यातलं सगळं पोटात साठवतात. सुकी मासळीही तूर्त बाजूला ठेवा.

पहिल्या दिवशी पापलेटची एक तुकडी, हळद-मीठ लावून, आल्या-लसणाच्या पातळ कालवणात नीट शिजवलेली. तिखट बेताचं. काटे काढून वाढा, आणि तुमचं ताटही त्यांच्या शेजारीच घ्या. सोबत बसून जेवलं की त्या दोन घास जास्त खातील. पुढचा रिपोर्ट आला की टोटल काउंटबरोबर न्यूट्रोफिलचा टक्का आणि आईंचं वजन, तिन्ही मला कळवा.